पोर होईपर्यंतचा नवस

दांडीच्या दादूला वाकड्या लाकडाचा डोळा आहे, असं सगळा किनारा म्हणे. होडीच्या फळ्यांना सरळ लाकूड लागतं. ते वखारीत कुणालाही मिळतं. पण होडीच्या फासळ्यांना जन्माचंच वाकलेलं लाकूड लागतं. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर ते पहिल्याच मोठ्या लाटेला दगा देतं. म्हणून होड्या बांधणारा सुतार रानात जातो आणि मुलगी बघायला आल्यासारखा झाडाझाडापुढं उभा राहून मान तिरकी करतो. "माज्या पोराला सरळ कायबी आवडत नाय," असं दादूची आई जमना गावभर सांगत फिरे. पोरगा तिशीला टेकला तरी बिनलग्नाचा का, याचं उत्तरही तिनं त्यातच देऊन टाकलं होतं.

सन चौसष्टच्या हिवाळ्यात खंडेराव तांडेलानं दादूकडं नवी होडी बांधायला दिली. तिच्या पुढच्या फासळीसाठी दादू बोईसरचं रेल्वे फाटक ओलांडून पूर्वेला, सूर्या नदीच्या अंगाच्या रानात शिरला. दुपारपर्यंत पायपीट केल्यावर त्याला एक ऐनाचं झाड दिसलं. साल मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटीची, आणि एक फांदी अशी वळलेली की खंडेरावाच्या होडीचं माप घेऊनच ती वाढली असावी.

झाड तोडण्याआधीची एक रीत दादूच्या बापानं त्याला शिकवली होती. कुऱ्हाड जमिनीवर आडवी ठेवायची, पातं झाडाकडं नाही, आपल्याकडं करून. मूठभर तांदूळ बुंध्याशी टाकायचे आणि विचारायचं, "घेऊ का?" मग एक विडी ओढून होईपर्यंत थांबायचं. झाडं काही बोलत नाहीत. न बोलणं म्हणजे होकार, असं सुतारांनी आपल्या सोयीनं कधीच ठरवून टाकलेलं आहे.

दादूनं विचारलं, विडी पेटवली आणि अर्ध्यावर आली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "नाय."

बुंध्याच्या पलीकडून एक बाई पुढं आली. अंगावर हिरवट रंगाचं जुनेर, केसांत वाळकी पानं अडकलेली. ती कुऱ्हाडीपासून दहा पावलं लांबच थांबली. दादूला वाटलं, लाकूडफाटा गोळा करणारी आदिवासी वाडीवरची कोणी असेल. "तुजं हाय का झाड?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "व्हय." आता ज्याचं झाड तोच नाही म्हणाला तर सुतारानं काय करायचं? दादू कुऱ्हाड उचलून परत आला आणि खंडेरावाला म्हणाला, लाकूड मिळालं नाही.

आठ दिवसांनी तो पुन्हा गेला. तिनं पुन्हा "नाय" म्हटलं. तिसऱ्या खेपेला तो कुऱ्हाड न घेताच गेला.

"आज काय मागाया आलास?" तिनं विचारलं.

"काय नाय. बगाया आलो."

त्यावर ती हसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्या जवळ येऊन बसली. दादूचं काय झालं हे आता वेगळं सांगायला नको. खंडेरावाच्या होडीला शेवटी दुसऱ्याच कुठल्या बाभळीची फासळी बसली आणि दादू मात्र दर आठवड्याला सहा कोस चालून 'लाकूड बघायला' जाऊ लागला.

रानाच्या तोंडाशी जिवल्या नावाचा एक म्हातारा वारली राहायचा. महिनाभर तो दादूला येता-जाता बघत होता. एक दिवस त्यानं त्याला खोपीत बोलावून पाणी दिलं आणि सरळच सांगितलं, "ती मानूस नाय, पोरा. ऐनाची लेक हाय ती. माज्या आजानं पन तिला अशीच बगितली व्हती, याच वयाची."

दादूला धक्का बसला, असं म्हणायला हवं. पण खरं सांगायचं तर बसला नाही. त्यानं उन्हात तिची पाठ पाहिली होती. कातडीखाली ऐनाच्या सालीसारख्या बारीक चौकटी होत्या.

"तिला न्यायचं मनात हाय," दादू म्हणाला.

जिवल्यानं रानाकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "येत असंल तं ने. पन येक ध्यानात ठेव. लोखंड! घरात असलं तं सोसंल ती थोडं. पन अंगाला भिडलं, तं रान तिला परत हाक मारनार. मंग तिला यायाच लागंल. नाय आली, तं जागच्या जागी वाळंल."

दादूनं जाऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्यात परत्येकाला येक नाव असतं. लांबनं कोनी हाक मारली तं आपल्यालाच मारली हे कळतं. मला नाव दे, मंग येते." दादूनं तिचं नाव कमळी ठेवलं. जिवल्या तिचा बाप म्हणून उभा राहिला, लग्न लावणाऱ्या धवलेरी बाईनं गाणी म्हटली आणि लग्न लागलं. येताना बोईसरच्या फाटकात दादूनं तिला दोन्ही हातांवर उचलली, कारण खाली लोखंडी रूळ होते. फाटकवाल्याची बायको नर्मदा ओट्यावरून बघत होती. "येवडी लाडाची बायको!" असं म्हणून ती पोट धरून हसली.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. लेकानं वाडीवरची पोरगी आणली म्हणून जमना दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दादूनं घरातलं लोखंड बाहेर काढायला सुरुवात केली तेव्हा ती खवळून उठली. कोयता गेला, विळा गेला, तवा गेला, दाराची कडीसुद्धा गेली आणि तिच्या जागी काथ्याची दोरी आली.

"मावऱ्याच्या घरात कोयता नाय? मंग मावरं कापू कशानं? नखानं?"

इथं दादूनं चूक केली. खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. किनाऱ्यावर शेंबडं पोरही जाणतं की लोखंडाला भिते ती हडळ. आई हिला केरसुणीनं हाकलेल, असं त्याला वाटलं. मग उचलली जीभ लावली टाळ्याला.

"नवस हाय, आये. तिच्या घरचा. लोखंडाला शिवायचं नाय."

"कवापरेंत?"

खोट्यालाही मुदत असते हे दादूच्या ध्यानात आलं नव्हतं. तो गडबडला आणि म्हणाला, "पोर होईपरेंत."

'पोर' म्हटल्यावर जमनेचा राग निम्म्यानं उतरला. नातवंडासाठी नवस म्हणजे काय, देवाचंच काम! पोर होईल तेव्हा बघू, काहीतरी नवं सांगू, असं मनाशी म्हणून दादूही मोकळा झाला. कोयता शेजारच्या हिराकडं गेला. जमना रोज मासळीची टोपली घेऊन हिराच्या ओट्यावर मावरं कापायला जाई आणि जाताना सुनेला ऐकू जाईल असं काहीबाही पुटपुटे. भाकरी मातीच्या खापरीवर होऊ लागल्या. त्या तव्यापेक्षा चांगल्या लागत, पण हे जमनेनं कित्येक महिने तोंडातून काढलं नाही.

कमळी नवऱ्याला नावानं हाक मारी. जमनेनं तिला 'अवं' म्हणायला शिकवलं. दोन दिवस 'अवं' झालं, तिसऱ्या दिवशी पुन्हा अंगणातून मोठ्यानं "दादू!" आळी खो खो हसली. जमनेनं कपाळावर हात मारला. "आये, नाव हाय तं हाक मारू नको?" कमळीनं अगदी खरेपणानं विचारलं.

मग पावसाळ्याच्या शेवटाला जमनेला ताप भरला. अकरा दिवस उतरेना. कमळी उशाशी बसून राहिली, सासूच्या कपाळावर तळहात ठेवून. तो तळहात भर दुपारी झाडाखालच्या मातीसारखा गार असे. बाराव्या दिवशी ताप गेला. तेराव्या दिवशी जमना उठून बसली, खापरीवरची भाकरी खाल्ली आणि म्हणाली, "तव्याची अशी व्हत नाय." हिराला तिनं सांगितलं, "माज्या पोटची असती तरी येवडी बसली नसती." तेव्हापासून सुनेविरुद्ध कोणी ब्र काढला तर जमना पदर खोचून उभी राहायची.

घर सुखात होतं, पण दादूचा धंदा बसत चालला होता. त्यानं खिळे सोडले होते. लाकडी मेखा ठोकून तो होड्या जोडी, आणि मेखा जोडही घट्ट धरीत. पण खंडेराव म्हणाला, "दादू, मेखांची होडी माज्या आज्याच्या येळची. मला खिळ्यांची पायजे." एकानं पाठ फिरवली की दुसराही फिरवतो. वर्षभरात दादूच्या हाताला काम उरलं नाही. तिकडं तारापूरच्या खडकाळ काठावर सरकारचं मोठं काम निघालं होतं आणि काँक्रीट ओतायच्या फळ्या ठोकायला सुतार हवेच होते. दादू तिथं जाऊ लागला. दिवसभर खिळे, सळ्या आणि मुकादमाचं "अरे दादू, हाथ चला!" संध्याकाळी तो खाडीवर थांबून वाळूनं आणि चिंचेनं हात घासघासून धुवी. तरी कमळी त्याच्या हाताखालून हळूच सरकून बसे. "तुजा वास बदलला," ती म्हणे. ती रागावून म्हणत नसे, पण दादूला रात्रभर झोप लागत नसे. ज्या हातांनी तिला रुळांवरून उचलून आणली, तेच हात आता तिला सोसवेनात. याच्यापुढं बायको नांदवायची कशी, हे त्याला कळत नव्हतं. काम सोडावं तर घरात खायचं काय, हेही कळत नव्हतं.

त्यातच कमळीला दिवस गेले.

आता दादूनं डोक्यानं काम घेतलं, निदान त्याला तसं वाटलं. बाळंतपण करणार होती हिरा. तिला त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, नाळ पातीनं कापायची नाही, शिंपल्यानं कापायची. आणि स्वतः घासून धार लावलेला शिंपला तिच्या हातात दिला. खाटेला खिळा नाही ना, हे चाचपून पाहिलं. पाणी तापवायला मातीचं मडकं आणलं. सगळी भोकं बुजवली. एकच राहिलं. आपण आईला मुदत दिली होती, हे तो विसरला.

सदुसष्टच्या माघात, भर दुपारी, मुलगी झाली. दादू कामावर होता. संध्याकाळी आला तेव्हा जमनेनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं. पाचवी होईपर्यंत बापानं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, ही रीत. त्यानं दारातूनच पाहिलं. कमळी भिंतीकडं तोंड करून निजली होती. "बरी हायेस?" त्यानं विचारलं. "बरी हाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आवाज बारीक झाला होता, पण बाळंतिणीचा आवाज बारीकच असतो, असं जमना म्हणाली. चौथ्या दिवशी त्याला खोलीच्या दारात वाळकी पानं पडलेली दिसली. त्यातलं एक त्यानं उचललं, ते ऐनाचं होतं. पण विचारायचं कुणाला? आईला विचारावं तर खरं सांगावं लागेल. दादू ओट्यावर बसून राहिला आणि सकाळी कामावर गेला. पुढं जन्मभर तो स्वतःला शिव्या देणार होता त्या याच सकाळबद्दल.

पाचव्या दिवशी त्यानं साइटवरच्या कारकुनाकडून एक कोरा कागद आणि पेन्सिल मागून घेतली. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि मुलाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. तिच्यासाठी पूजेत कोरा कागद ठेवावा लागतो. उन्हं कलायच्या आत तो घरी पोचला. जमनेनं पाटा धुवून मांडला होता. हळद, कुंकू, भाताची मूद, आणि मधोमध, हळदीची पाच बोटं ओढलेला, कोयता.

"हा कुटनं आला?" दादूनं विचारलं.

"कुटनं म्हंजे? आपलाच हाय. हिराकडनं आनला." जमनेचं तोंड आनंदानं फुललं होतं. "नवस फिटला ना तुमचा! पोर झाली त्याच सांजेला तिच्या गोधडीखाली सारला. पाच दिस हालू दिला नाय. तुज्या आदीची माजी पोर पाचव्या दिशी गेली, ती का? माज्या सासूनं गोधडीखालचा कोयता मावरं कापाया उचलून न्हेला म्हनून. या खेपेला मी डोळ्यात तेल घालून बसले. आता पूजेपुरता काडलाय. पूजा झाली की परत ठेवनार."

दादू तिला ओलांडून खोलीत शिरला. रीत, विटाळ, कशाची शुद्ध त्याला राहिली नाही.

"दादू, भायेर जा. आये रागवंल," कमळी म्हणाली. तिच्या कुशीत पोर दूध पीत होती. दादूनं तिला हळूच कुशीवर वळवली आणि पाठीवरचं लुगडं बाजूला केलं. पाठीवर आडवा, कोयत्याच्या आकाराचा काळा डाग होता. त्याच्या भोवतीची कातडी कोरडी पडून चौकटीचौकटीनं सुटत होती. त्यानं हात लावला तर एक तुकडा त्याच्या बोटांत आला. त्याला ऐनाच्या सालीचा वास होता.

"कदी कळलं तुला?"

"पैल्याच सांजेला. आयेनं गोधडी उचलली, खाली ठेवला आन माज्या केसांवरनं हात फिरवला. म्हनली, आता तुला कोनी हात लावनार नाय." कमळी थांबली, तिला दम लागत होता. "दादू, माजी राखन करायाला आजवर कोनी कायबी ठेवलं नव्हतं."

"मंग मला सांगायचं व्हतंस! दारात उबा व्हतो मी, चार दिस!"

"तुला सांगितलं असतं तं तू मला उचलून रानात न्हेलं असतंस. आन आज पाचवी. आज हिच्या कपाळावर लिवनार. रानात कोनाच्या कपाळावर कोनी लिवत नाय. लिवनारी आली आन पोर आयेशिवाय पडलेली बगून तशीच कोरी सोडून गेली तं?" तिनं पोरीला घट्ट धरलं. "रान पाच दिस हाक मारतंय. मी उद्या जाईन म्हनते, उद्या जाईन म्हनते."

दारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. जमनेच्या हातातलं हळदीचं ताट होतं ते. ती कधीची उभी होती कोण जाणे. दादूनं तेव्हा, पाठ तिच्याकडं ठेवूनच, सगळं सांगून टाकलं: ऐन, जिवल्या, लोखंड, आणि नवस खोटा. सांगताना तो एकाच शब्दाची वाट बघत होता. 'हडळ'. दोन वर्षं ज्या शब्दाला तो भ्यायला होता तो आता येणार, आणि आपल्याला तो मिळायलाच हवा, असं त्याला वाटत होतं.

जमना पुढं आली. सुनेची पाठ तिनं पाहिली. बराच वेळ पाहिली.

"मला सांगायचं व्हतंस रं," ती लेकाला म्हणाली. "मी दातानं मावरं कापलं असतं."

तिनं बाहेर जाऊन पाट्यावरचा कोयता उचलला, खाडीपर्यंत चालत गेली आणि भरतीच्या पाण्यात फेकून आली. मग तिनं कोयत्याशिवायच पूजा केली. दादू त्याच क्षणी निघायला बघत होता, पण कमळी ऐकेना. हिच्या कपाळावर लिहून झाल्याशिवाय मी हलणार नाही, म्हणाली. त्या रात्रीबद्दल काय सांगायचं? तिघं जागी होती आणि पोर तेवढी झोपली.

तांबडं फुटताना ते निघाले. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव, एसटी तर अख्खी लोखंडाची, तेव्हा चालतच. दादूनं कमळीला हातांवर घेतली. ती वाळक्या फाट्याच्या मोळीइतकी हलकी झाली होती आणि ते वजन नसणंच त्याला उचलवत नव्हतं. मागून पोरीला छातीशी बांधून जमना.

बोईसरचं फाटक बंद होतं. मालगाडी उभी होती, लांबच लांब, उघड्या डब्यांतून सळ्यांचे भारे. त्या सळ्या साइटवरच जाणार होत्या, उद्या-परवा दादूच्याच हातात यायच्या होत्या. कमळीनं डोळे मिटून घेतले.

"आये," ती म्हणाली, "पोरीला रुळाच्या पलीकडं नको आनू. रान तिलाबी हाक मारंल."

जमनेनं मान हलवली.

"आये, काय लिवलंय बग ना हिच्या कपाळावर."

जमनेला आपलं नावसुद्धा वाचता येत नव्हतं, आणि सटवाईचं लिहिणं तर पंडितालाही दिसत नाही. पण तिनं नातीच्या कपाळावरचं कुंचडं मागं सारलं, अंगठा डावीकडून उजवीकडं हळूहळू फिरवला आणि शाळेतल्या पोरासारखं अडखळत वाचू लागली.

"लिवलंय, लई वरसं जगंल. लिवलंय, हिला दोन आया. येक हिला न्हाऊ-माखू घालंल. आन दुसरी..." अंगठा थांबला. "दुसरी उबी असंल. कुटं जानार नाय. हिला वाटंल तवा जाऊन सावलीत बसता येईल."

"येवडं सगळं लिवलंय?"

"आनिकबी हाय. बारीक अक्षर हाय, मला डोळ्यानं दिसत नाय."

कमळीनं पोरीला शेवटचं पाजलं. दूध चारच थेंब आलं. गाडी हलली, फाटक उघडलं. दादूनं दोन वर्षांपूर्वीसारखंच तिला उचलून रूळ ओलांडले. या वेळी नर्मदा हसली नाही. ती आपलं तान्हं मूल घरात ठेवून बाहेर आली, न विचारता जमनेच्या हातून पोर घेतली आणि पदराखाली पाजायला घेतली.

रानात पोचेतो उन्हं डोक्यावर आली. ऐन पुरता निष्पर्ण उभा होता. दादूनं कमळीला बुंध्याशी, त्या वाकड्या फांदीखाली टेकवली. त्याला तिचा चेहरा दोन्ही हातांत धरायचा होता, पण त्यानं हात मागं घेतले. तिनंच ते ओढून आपल्या गालांवर ठेवले, खिळ्यांच्या वासासकट.

"आयेला सांग," ती म्हणाली, "कोयता टोचला नाय."

दादूनं मान हलवली.

"जाऊ का?" तिनं विचारलं.

दादूच्या घशात 'नाय' होतं. तिनं एकदा त्याला सहज म्हटलं होतं तेच. पण म्हटलं असतं तर ती थांबली असती, पाच दिवस थांबली होती तशी, आणि त्याच्या हातांत वाळून गेली असती. तो बोलला नाही. न बोलणं म्हणजे होकार, हे सुतारांनीच ठरवलेलं आहे. एक विडी ओढून होईल एवढा वेळ गेला. त्याच्या हातांतला गाल खरबरीत झाला, मग चौकटीचौकटीचा, आणि मग तो ऐनाचा बुंधा धरून बसलेला होता. डोक्यावरच्या वाकड्या फांदीला, जिथं मघापर्यंत काही नव्हतं, तिथं बोटाच्या पेराएवढा हिरवा कोंब होता. ती जगली होती. दादू तिथं बसून मोठ्यानं रडला. रानात ऐकायला कोणी नव्हतं आणि असतं तरी त्यानं पर्वा केली नसती.

तिन्हीसांजेला तो फाटकाशी परत आला. जमना नर्मदेच्या ओट्यावर सकाळपासून तशीच बसून होती, मांडीवर झोपलेली पोर.

"पोचली?"

"पोचली. कोंब फुटला."

जमनेनं डोळे मिटून हात जोडले. मग लेकाकडं न बघता तिनं विचारलं, "माज्यासाठी काय म्हनली?"

"म्हनली, आयेला सांग, कोयता टोचला नाय."

जमनेचा चेहरा वेडावाकडा झाला. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती.

"खोटारडी," ती म्हणाली. "माज्यासारकीच."

आणि तिनं पोरीचं कपाळ झाकलं, वारा लागू नये म्हणून.